फिरतं ते सगळं वीज देत नाही

गेल्या रविवारी मायापुरीच्या भंगार बाजारात तीन तास घालवले. दिल्ली कॅन्टपासून हा बाजार जवळ आहे. सुट्टीचा असा सत्यानाश फक्त फौजीच करू शकतो, असं बायकोचं मत. पण काम माझं नव्हतं. माझ्या जुन्या पलटणीतले एक सुभेदार साहेब पेन्शनवर गेल्यापासून पाटण तालुक्यात सड्यावरच्या शेतात राहतात. त्यांचा फोन आला होता. "सर, दिल्लीत भंगारात मोठी मोटर मिळंल का? घरची पवनचक्की दुसऱ्यांदा उभी करायचीय."

"दुसऱ्यांदा" ऐकल्यावर मी पहिलीची चौकशी केली. एक व्हिडिओ बघून त्यांनी जुन्या छतपंख्याची मोटर घेतली, पीव्हीसी पाइप कापून पाती केली, वेल्डरकडून वीस फुटी खांब करून घेतला. चक्की झकास फिरली. गावातली पोरं बघायला आली. बल्ब मात्र लागला नाही. मग तारा सोडून ठेवल्या आणि चक्की नुसती फिरत राहिली. जुलैतल्या एका रात्री पातं सुटलं ते गोठ्याचा पत्रा फाडून आत गेलं. म्हैस त्या रात्री दुसऱ्या दावणीला होती म्हणून वाचली.

हा व्हिडिओ आपल्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजही फिरतोय. "फुकट वीज, देशी जुगाड" असं वर लिहून पाठवणारे माझेच मित्र आहेत, आणि माझं भांडण त्यांच्याशी आहे. हँडग्रेनेडची पिन कशी काढायची हे आपण ऐकीव माहितीवर कुणाला सांगितलं असतं का?

साध्या छतपंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्या रोटरमध्ये चुंबक नसतो, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पिंजरा असतो. बाहेरून वीज दिली की त्या पिंजऱ्यात चुंबकत्व तयार होतं. वाऱ्याने नुसती फिरवली तर हाती काही लागत नाही. कपॅसिटर जोडून अशा मोटरमधून वीज काढता येते हे खरं, पण त्याला भरपूर आणि बऱ्यापैकी स्थिर वेग लागतो, आणि वारा काही आपल्या हुकमात नाही. व्हिडिओत बल्ब लागतो तेव्हा बहुधा रोटर लेथवर उतरवून त्यात चुंबक बसवलेले असतात, नाहीतर टेबलाखाली बॅटरी असते. ते दाखवायचं नसतं.

दुसरी फसगत वॅटच्या आकड्याची. "मिक्सरची मोटर ७५० वॅटची, मग ती पंख्यापेक्षा भारी!" मिक्सरची मोटर मिनिटाला हजारो फेऱ्यांसाठी केलेली असते आणि तिच्यातही कायमचा चुंबक नसतो. आपली चक्की किती फिरणार हे आधी काढा. दोन मीटर व्यासाची पाती, वारा सेकंदाला ३ मीटर, आणि पात्याचं टोक वाऱ्याच्या पाचपट वेगाने जातं असं धरलं, तर मिनिटाला साधारण १४० फेऱ्या होतात. वारा १० मीटरचा झाला तरी पावणेपाचशेच. एवढ्या फेऱ्यांत बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज देईल ती मोटर आपली. एनडीएत नाइट नेव्हिगेशनला कंपास न बघता "साधारण तिकडेच" म्हणत निघालेलं एक टोळकं पहाटे खडकवासल्याच्या भलत्याच काठावर पोहोचलं होतं. त्यात मीही होतो.

भंगारात मोटर ओळखायला मल्टिमीटर हवाच असं नाही. तारा मोकळ्या ठेवून ती हाताने फिरवा, मग तारा एकमेकींना जोडून फिरवा. दुसऱ्या वेळी जड झाली तर आत चुंबक आहेत. मायापुरीत "साहब, एकदम चालू माल है" म्हणून मला आठ मोटरी दाखवल्या, त्यातल्या सहा दोन्ही वेळा सारख्याच हलक्या फिरल्या. (न ओळखता येणारा धातूचा डबा मात्र इथे स्वस्तात मिळाला तरी उचलू नका. २०१० साली याच बाजारात विद्यापीठाच्या लिलावातल्या जुन्या यंत्रातून कोबाल्ट-६० बाहेर पडलं आणि भंगारात काम करणारा एक जण किरणोत्सर्गाने गेला.)

उरलेल्या दोनपैकी एक बीएलडीसी छतपंख्याची होती. तिच्यात चुंबक असतात, वेगही कमी लागतो, पण मुळात ती तीसेक वॅटची. फोन आणि एखादा दिवा, बस. दुसरी डायरेक्ट ड्राइव्ह वॉशिंग मशीनची. या मशीनमध्ये पट्टा नसतो, ड्रम थेट मोटरवर बसतो, म्हणून मोटर हळू फिरणारी आणि चुंबकांची भलीमोठी कडी असलेली. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलची अशी मोटर जगभरच्या हौशी चक्कीवाल्यांची लाडकी आहे. खोट एकच, मूळ वाइंडिंग जास्त व्होल्टेजचं असतं. बॅटरीसाठी कॉइल सोडवून समांतर जोडाव्या लागतात. मी तीच घेतली, किलोच्या भावाने.

शेजारच्या क्वार्टरमधले कर्नल साहेब म्हणाले, आणखी एक आण, आपल्या गच्चीवर लावू. मी नाही म्हटलं. गच्चीवर वारा सेकंदाला अडीच मीटर असेल तर त्याच दोन मीटरच्या चक्कीतून सातेक वॅट मिळतात. नऊ वॅटचा एलईडी लागत नाही. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, आणि अर्धा झाला की तितकीच घटते. दिल्लीत सोलर लावा. मग साहेबांनीही सोलरच का लावू नये? लावलंय त्यांनी. पण सड्यावर जून ते ऑगस्ट ऊन दिसत नाही, आणि वारा नेमका तेव्हाच असतो. वांकुसवड्याच्या पठारावर कंपन्यांनी पवनचक्क्यांच्या रांगा उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

काल साहेबांचा निरोप आला. कराडच्या वाइंडिंगवाल्याने कॉइल नव्याने जोडल्या, रेक्टिफायरनंतर हाताने मिनिटाला ६० फेऱ्यांना ६ व्होल्ट. म्हणजे १४० फेऱ्यांना १४, बारा व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला पुरेसे. "सर, आता चढवू का?"

स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉटच्या घरगुती चक्क्यांत शेपटी तिरक्या बिजागरीवर असते. वारा वाढला की शेपटी दुमडते आणि पाती वाऱ्यापासून तोंड फिरवतात. साहेबांच्या पहिल्या चक्कीची शेपटी वेल्डिंगने पक्की केलेली होती.

मी उत्तर पाठवलं, "साहेब, पाती नंतर. आधी बिजागरीचा फोटो पाठवा. आणि खांब गोठ्यापासून लांब रोवा."