सायकल घ्यावी रेल्वेसाठी, विमानासाठी नव्हे

घडीची सायकल विमानात नेता येते का, असे मंडळातील बऱ्याच जणांनी मला विचारले आहे. नेता येते. पण सायकल निवडताना हा प्रश्न पहिला नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण भारतात वर्षातून एकदा, फार तर दोनदा जातो. रोज आगगाडीने कामावर जाणारा माणूस मात्र वर्षाला चारशे वेळा तरी गाडीत चढतो. ज्या दारातून चारशे वेळा जायचे, सायकल त्या दाराच्या मापाची हवी.

माझ्यापुरते सांगतो. मी स्लाउला राहतो आणि माझे ऑफिस रेडिंग स्टेशनपासून अडीच मैलांवर आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रक्ततपासणीत माझे एचबीएवनसी ४४ आले. ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वडिलांना मधुमेह, आजोबांनाही होता. शिवाय आपल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी इथले डॉक्टर वजनाचा धोका बीएमआय २३ पासूनच धरतात, गोऱ्यांसाठी २५ पासून. आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करा, असे एनएचएस सांगते. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या, घरी दोन लहान मुले असलेल्या माणसाने ही मिनिटे आणायची कुठून? अडीच मैलांना सायकलवर पंधरा मिनिटे लागतात. जाऊन येऊन तीस, पाच दिवसांची १५०. हिशेब तंतोतंत जुळला. वर्षभराने आकडा ४१ वर आला. सगळे श्रेय सायकलला देत नाही, रात्रीचा भातही कमी केला होता.

आता रेल्वेचे नियम. मोठ्या सायकलला गर्दीच्या वेळी लंडनकडच्या बऱ्याच गाड्यांत मज्जाव असतो आणि लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत आधी जागा राखून ठेवावी लागते. वीस इंचांपर्यंत चाक असलेली, पूर्ण घडी घातलेली सायकल मात्र नॅशनल रेलच्या गाड्यांत कोणत्याही वेळी सामान म्हणून चालते. म्हणजे निवड सोळा इंची आणि वीस इंची यांत आली.

सोळा इंचीत ब्रॉम्प्टन प्रसिद्ध आहे. अँड्र्यू रिची या इंजिनिअरने १९७५-७६ च्या सुमारास लंडनमधल्या आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये तिचा पहिला नमुना बनवला. मागचे चाक खाली दुमडते, पुढचे बाजूला येते आणि चेन दोन्ही चाकांच्या मध्ये झाकली जाते. हे शेवटचे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण गर्दीत शेजाऱ्याच्या पँटला काळे डाग पडत नाहीत. घडी साधारण ६५ बाय ५९ बाय २७ सेंटीमीटर, म्हणजे दोन सीटांच्या पाठींमधल्या पोकळीतही बऱ्याचदा बसते. डाहोन आणि टर्न यांच्या वीस इंची सायकली खड्ड्यांतून जास्त सुखाने जातात आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतात, पण घडी ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास लांब होते. ती दाराजवळच उभी करावी लागते आणि प्रत्येक स्टेशनवर चार लोकांची माफी मागावी लागते. स्टेशनपासून पाच-सात मैल जायचे असेल तर वीस इंची घ्या. त्याहून कमी असेल तर सोळा इंची.

पुष्कळ जण म्हणतात, घ्यायचीच तर इलेक्ट्रिक घ्या. चढावावर घाम येत नाही हे खरे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या हॅरोजवळच्या रेनर्स लेन स्टेशनच्या फलाटावर एका इलेक्ट्रिक सायकलने पेट घेतला आणि ३१ मार्च २०२५ पासून घडी न होणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलींना ट्यूबमध्ये बंदी झाली. घडीच्या चालतात. विमानात मात्र १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे प्रवासी विमानात नेताच येत नाही. ब्रॉम्प्टनचीच इलेक्ट्रिक बॅटरी सुमारे ३०० वॅट-अवरची आहे. विषय संपला.

विमानाचे गणित आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर झाले. बऱ्याच कंपन्यांची बॅगेची मर्यादा २३ किलो आणि तिन्ही मापांची बेरीज १५८ सेंटीमीटर. ब्रॉम्प्टनची बेरीज दीडशेच्या आसपास भरते, म्हणजे पातळ गादीच्या पिशवीत जेमतेम बसते. काही कंपन्या सायकलला क्रीडा-सामान धरून वेगळे पैसे घेतात, ते आधी विचारावे. केबिनमध्ये नेण्याचे स्वप्न सोडा, तिथली मर्यादा ५५-५६ सेंटीमीटर असते. सायकल बारा किलो, पिशवी तीन किलो, उरले आठ. सौभाग्यवती म्हणाल्या, "येताना गोडा मसाला, भाजणी आणि मुलांची मराठी पुस्तके या आठ किलोंत बसवून दाखवा, मग न्या." मी एकदा पुण्याला नेली. सोळा इंची चाकाने तिथल्या गतिरोधकांवर माझी हाडे मोजून दिली. त्यात या चाकाचा टायर सहसा कुठे मिळत नाही, जादा टायर-ट्यूब इथूनच न्यावे लागते. तीन आठवडे आई-वडिलांकडे जाताना सायकल नेण्यात अर्थ नाही, भावाची घ्यावी. युरोपात सायकलवर फिरायलाच निघाला असाल तर गोष्ट वेगळी. आणि पॅरिसला जायचे तर युरोस्टार आहेच. ८५ सेंटीमीटरपर्यंतची घडी पिशवीत घालून तिथे सामान म्हणून चालते.

पैशांचे थोडे सविस्तर सांगतो, कारण ही सोय आपल्यातले कितीतरी लोक वापरतच नाहीत. १९९९ पासून इथे ‘सायकल टू वर्क’ योजना आहे. मालक सायकल घेतो, तुम्हाला भाड्याने देतो आणि भाडे करपूर्व पगारातून कापले जाते. १३०० पौंडांची सायकल घेतली, तर २० टक्के कर भरणाऱ्याचे कर आणि नॅशनल इन्शुरन्स मिळून २८ टक्के वाचतात. शेवटी सायकल आपल्या नावावर करताना, भाड्याची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली तर, सहसा किमतीच्या ७ टक्के भरावे लागतात. एकूण १०२७ पौंड पडतात, ४० टक्केवाल्याला ८४५. हेल्मेट आणि कुलूपही त्यात बसते. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना ही सोय नाही. कामाच्या व्हिसावर असणाऱ्यांनी, कागदोपत्री पगार कमी दिसतो हे ध्यानात घेऊन, आधी ऑफिसात चौकशी करावी. रक्कम मोठी वाटते खरी, पण आमच्या घरी या सायकलमुळे दुसरी मोटार आली नाही. तिचा विमा, रोड टॅक्स, एमओटी आणि स्टेशनचे पार्किंग धरले, तर सायकलचे पैसे पहिल्याच वर्षी फिटले.

घेण्यापूर्वी दुकानात स्वतः तीनदा घडी घाला आणि ती उचलून एक जिना चढून बघा. ज्यांचे गुडघे किंवा पाठ कुरकुरते त्यांनी हे अवश्य करावे, कारण स्टेशनवरची लिफ्ट नेमकी आपल्याच वेळी बंद असते. कुणाला माझी सायकल चालवून बघायची असेल तर रविवारी सकाळी मी घरीच असतो. उंची सहा फुटांच्या वर असेल तर आधी कळवा, सीटचा लांब दांडा कुणाकडून तरी आणून ठेवीन.