शरीराचं माप, वास्तूचं शिक्षण

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचे पोर्टफोलिओ आता फार बदलले आहेत. पूर्वी प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि मागे चारदोन स्केचेस एवढा ऐवज असे. आता घराच्या आराखड्याशेजारी स्वतः शिवलेलं जॅकेट दिसतं, सभागृहाच्या मॉडेलनंतर हातमागावर विणलेला पडदा येतो, मग मातीची भांडी, ठशांची छपाई, गोधडी. बाहेरून आलेले परीक्षक ही पानं भराभर उलटतात आणि विचारतात, ‘‘छान आहे, पण इमारत कुठे आहे?’’ विद्यार्थिनी गप्प बसते. कपडा, जागा आणि हातकाम हे तिच्या लेखी सलग काम असतं. गुणपत्रिकेत मात्र कपड्याला आणि हातकामाला रकानाच नसतो.

ते जॅकेट विचार करून, मापं घेऊन, चुकून आणि उसवून केलेलं असेल, तर ते आर्किटेक्चरचंच काम आहे. त्याला डिझाइनच्या विषयात गुण मिळाले पाहिजेत. ‘इतर उपक्रम’ या सदरात त्याची बोळवण करणं हा त्या मुलीवर अन्याय आहे.

भातलावणीच्या दिवसांत कोकणात आणि मावळात पूर्वी घराघरांतून दिसणारं इरलं आठवून पाहा. बांबूच्या कामट्यांची जाळीदार वीण, तिचे दोन थर आणि मधे दाबून बसवलेली पळसाची पानं. उपड्या होडीसारखा हा आकार डोक्यावर टेकतो आणि पाठीवरून कमरेच्या खाली उतरतो. वाकून रोपं लावणाऱ्या बाईची पाठ तो कोरडी ठेवतो, दोन्ही हात मोकळे सोडतो आणि पाणी तिच्या मागे टाकतो. ताठ उभं राहिलं की इरलं अडचणीचं होतं, कारण ते उभ्या माणसासाठी केलेलंच नाही. लावणी करणारं शरीर दिवसभर ज्या स्थितीत असतं, त्या स्थितीवर ते बेतलेलं आहे. छपराचा उतार, पागोळ्या कुठे पडाव्यात, भार कशावर यावा, दोन वस्तूंचा सांधा कसा बसवावा, हे चारही प्रश्न त्यात सोडवलेले आहेत. अंगावर घ्यायचं म्हणून तो पोशाख, पावसापासून आसरा देतं म्हणून ते छप्पर, आणि घडतं सारं हातानं. प्लास्टिकच्या कागदानं इरल्याला मागे टाकलं. कागद स्वस्त नि हलका असतो हे खरं, पण तो वाऱ्यानं फडफडतो आणि आत घाम कोंडतो.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला बसथांब्याचा प्रकल्प देण्याआधी शिक्षकांनी एक इरलं टेबलावर ठेवावं आणि त्याचा सेक्शन काढायला लावावा. मग स्कूटरवरून घरोघर सामान पोचवणाऱ्या माणसासाठी पावसाळी कपडा करायला सांगावा, खऱ्या मापात, आणि तो घालून प्रत्येकाला जुलैच्या पावसात तासभर उभं करावं. पाणी मानेतून आत शिरलं की वळचणीला पुढे का काढायचं असतं, हे पुन्हा शिकवावं लागणार नाही.

शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप घेतो. आर्किटेक्ट बहुधा पुस्तकातून माप घेतो. ल कोर्बुझिए या आर्किटेक्टचा ‘मोड्युलॉर’ हा मापपट्टा १.८३ मीटर उंचीच्या पुरुषावर बेतलेला होता. आपल्याकडच्या किती आज्या, किती आया त्या उंचीच्या असतील? तयार मापांच्या अशा तक्त्यांवर स्वयंपाकघराचा ओटा बेतला की बाईच्या खांद्यात कळ येते आणि वरचं कपाट तिला स्टुलाशिवाय उघडता येत नाही. ज्या विद्यार्थ्यानं एकदा ब्लाउजची बाही बेतली आहे, हात वर केल्यावर काखेत कापड कसं ओढलं जातं ते पाहिलं आहे, तो कपाटाची उंची ठरवताना आधी हाताचा विचार करतो. कपड्यांच्या कामातून मिळणारी ही सर्वांत मोठी शिकवण आहे आणि ती पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या कुठल्याही मार्गानं इतक्या लवकर मिळत नाही.

हे नव्या पिढीचं खूळ आहे असं मानणाऱ्यांनी जर्मनीतल्या बाउहाउसकडे पाहावं. १९१९ मध्ये वायमारला सुरू झालेल्या या शाळेचा आधुनिक वास्तुकलेवर किती प्रभाव आहे, हे वेगळं सांगायला नको. पण तिथे वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग १९२७ मध्ये सुरू झाला. विणकाम, धातुकाम, सुतारकाम आधीच चालू होतं. आनी आल्बर्स १९२२ मध्ये तिथे शिकायला आली. तिला काचेच्या कार्यशाळेत जायचं होतं. मुलींना विणकामाकडे वळवलं जाई, म्हणून ती नाइलाजानं मागावर बसली. पुढे हानेस मायर या आर्किटेक्टनं बर्लिनजवळच्या बेर्नाऊ गावी कामगार संघटनांच्या महासंघासाठी प्रशिक्षण शाळा बांधली. तिच्या सभागृहात आवाज घुमत होता. आनीनं भिंतींसाठी कापड विणलं. मागच्या बाजूला शेनीलचा मऊ, केसाळ धागा आवाज शोषून घेई. पुढच्या बाजूचा सेलोफेन उजेड परत खोलीत टाकी. कापडावरून प्रकाश किती परावर्तित होतो, हे झाइस इकॉन या कंपनीनं मोजून त्याचा आलेख काढला. १९३० मध्ये याच कामावर तिला डिप्लोमा मिळाला. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तिच्या विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं.

तिच्या परीक्षकांनी ‘इमारत कुठे आहे’ असं विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं: कापड भिंतीवर आहे, आणि ते नसेल तर सभागृहात भाषण ऐकू येत नाही. पण मला या कहाणीत अधिक महत्त्वाचा वाटतो तो आलेख. ते कापड सुंदर होतंच, शिवाय ते तपासून पाहिलेलं होतं. आपल्या विद्यार्थ्यांनी तिच्याकडून घ्यायचं ते हे.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. जानफ्रांको फेरे यानं १९६९ मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकमधून आर्किटेक्चरची पदवी घेतली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कामानिमित्त तो भारतात येऊन राहिला आणि १९८९ ते १९९६ पॅरिसच्या ‘दिओर’ या फॅशन कंपनीचा मुख्य डिझायनर होता. त्याचे पांढरे सदरे रचनेच्या दृष्टीनं आजही अभ्यासले जातात.

इमारत आणि हातकाम यांना जोडणारं आपल्या जवळचं नाव आर्किटेक्ट अनुपमा कुंडू यांचं. जन्म पुण्याचा, पदवी १९८९ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयाची. ऑरोव्हिलमधलं त्यांचं ‘वॉल हाउस’ हातानं घडवलेल्या पातळ विटांचं आहे. २०१२ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये त्यांनी हे घर मॉडेलच्या रूपात नेलं नाही, खऱ्या मापात पुन्हा उभारलं, आणि त्यासाठी भारतातले गवंडी आणि परदेशी विद्यार्थी शेजारी शेजारी काम करत होते. विद्यार्थ्याचा हात कारागिराच्या हाताशेजारी आला की काय घडतं, ते तिथे जगानं पाहिलं.

कुंडू जिथे शिकल्या, त्या ‘जेजे’चा इतिहास तर याच एकत्रपणाचा आहे. १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. लॉकवूड किपलिंग १८६५ मध्ये तिथे शिकवायला आले. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, दगडांवरची पानं, पक्षी, प्राणी यांच्या घडणीत त्या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. नंतर १९५८ मध्ये वास्तुकला आणि उपयोजित कला वेगळ्या झाल्या, एकाच आवारात स्वतंत्र संस्था झाल्या. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यानं त्या पुन्हा एका छत्राखाली आल्या आहेत. मागाचा वर्ग आणि आर्किटेक्चरचा स्टुडिओ यांत तिथे काही मिनिटांचं अंतर आहे. आर्किटेक्चरच्या मुलीला एक सत्र मागावर घालवता यावं, त्याचे श्रेयांक तिच्या मूळ पदवीत धरले जावेत, आणि वस्त्रकलेच्या मुलाला सभागृहाच्या ध्वनिशास्त्राच्या तासाला बसता यावं. महाराष्ट्रात याची सुरुवात करायला यापेक्षा सोयीची जागा नाही.

मात्र पोर्टफोलिओत कपडा आहे म्हणून तो आपोआप चांगला ठरत नाही. महोत्सवात वर्तमानपत्राचा झगा करून डोक्यावर घुमट मिरवणं यात मजा आहे, उत्साह आहे, डिझाइन नाही. पैठणीचा मोर उचलून इमारतीच्या दर्शनी भागावर लेझरनं कापला, तरी विणकामाबद्दल आपण काहीच शिकलेलो नसतो. पैठणीत काठ आणि अंगाचे धागे वेगवेगळ्या रंगांचे असूनही एकमेकांत गुंतवले जातात आणि म्हणून त्या जोडावर ती फाटत नाही. हा सांधा समजून घेऊन कुणी दोन वेगळ्या साहित्यांची भिंत जोडून दाखवली, तर मी उभा राहून टाळ्या वाजवीन.

आणखी एक गोष्ट मला सलते. विद्यार्थी येवल्याला जातात, विणकराच्या घरी बसतात, त्याच्याकडून तुकडा विणून घेतात. नंतर शीटवर मोठ्या अक्षरांत विद्यार्थ्याचं नाव येतं, महाविद्यालयाचं येतं, मार्गदर्शकांचं येतं. विणकर ‘स्थानिक कारागीर’ एवढाच उरतो. इंजिनिअरचं, फोटोग्राफरचं नाव आपण न विसरता लिहितो. ज्याच्या हातांनी वस्तू घडली, त्याचं नाव, गाव आणि त्याला दिलेली मजुरी शीटवर आली पाहिजे. हा शिष्टाचाराचा भाग नाही, कामाच्या मालकीचा प्रश्न आहे. शिकतानाच ही सवय लागली नाही, तर पुढे स्वतःचं ऑफिस थाटल्यावर ती लागणार नाही.

जूरीला जाणाऱ्या सर्व आर्किटेक्ट मित्रमैत्रिणींना म्हणूनच विनंती आहे. टेबलावर कापड आलं तर ते हातात घ्या, उलटून मागची बाजू बघा. ते कुणाच्या अंगाच्या मापानं केलं, कुठे तपासलं, कुठे फसलं आणि परत कसं केलं, ते विचारा. उत्तरं मिळाली तर डिझाइनचे पूर्ण गुण द्या. आणि विणणाऱ्याचं नाव शीटवर नसेल, तर तेवढ्यापुरते गुण जरूर कापा.