पान उलटून बघितलं का? – लिंडन, धामण आणि मुलांच्या चित्रवह्या

एक छोटी चाचणी घरीच करून बघा. मुलाच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि 'एक पान काढ' एवढंच सांगा. बहुतेक मुलं बदामाच्या नाहीतर होडीच्या आकाराचं पान काढतात. मधोमध सरळ शीर, दोन्ही बाजूंना मोजून सारख्या तिरप्या रेघा. पान देखणं असतं, पण ते कुठल्या झाडाचं असं विचारलं की मूल आपल्याच तोंडाकडे बघतं.

माझं म्हणणं सरळ आहे. निदान पान, फूल, बी यांच्या आकृत्या तरी मुलांनी गाईडवरून काढू नयेत. वस्तू समोर ठेवून काढाव्यात, आणि आपण नीटनेटकेपणापेक्षा बघण्याला गुण द्यावेत.

यासाठी एका परदेशी झाडापासून सुरुवात करते. इंग्रजीच्या पुस्तकात मुलांना कधीतरी 'लाइम ट्री' भेटतं. शब्दकोशात लाइम म्हणजे लिंबू, त्यामुळे मुलं अंगणातलं काटेरी लिंबाचं झाड डोळ्यांसमोर आणतात. कोलरिज या इंग्रज कवीची 1797 मधली लाइमच्या मांडवावरची कविता अशा समजुतीने वाचली तर सगळा मांडवच लिंबाचा होतो! हे लाइम म्हणजे लिंडन, युरोपातला मोठा सावलीचा वृक्ष. बर्लिनच्या 'उंटर डेन लिंडेन' या प्रसिद्ध रस्त्याचं नाव त्याच्यावरून पडलं. वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसचं आडनावही त्याच्यावरूनच आलं. त्याच्या वडिलांनी घराण्याच्या जमिनीवरच्या लिंडनवरून ते घेतलं होतं.

यातल्या लहान पानांच्या लिंडनला म्हणतात टिलिया कॉर्डाटा. कॉर्डाटा म्हणजे हृदयाच्या आकाराचं. पण खरं पान हातात घेतलं तर ते शुभेच्छापत्रावरच्या बदामासारखं नसतं. तळाशी एक बाजू किंचित खाली घसरलेली असते आणि कडेला बारीक दाते असतात. त्याचा भाऊ म्हणजे मोठ्या पानांचा लिंडन. दोघांतला फरक नुसत्या आकारावरून सांगणं फसवं, कारण एकाच झाडावर लहान-मोठी पानं असतातच. म्हणून पान उलटायचं. लहान पानाच्या जातीत शिरा जिथे फुटतात त्या बेचक्यांत तांबूस केसांचे बारके झुपके असतात, मोठ्या पानाच्या जातीत ते केस पांढरट असतात.

जाणकार चित्रकार फांदी काढताना एखादं पान मुद्दाम उलटं का दाखवतो, ते आता लक्षात येईल. ती शोभा नाही, ती माहिती आहे. फोटोत एका क्षणी दिसेल तेवढंच येतं. चित्रकार मात्र जूनमधलं फूल आणि नंतरचं फळ एकाच कागदावर शेजारी-शेजारी बसवतो. लिंडनच्या फुलांच्या देठाला फितीसारखं एक लांबट, फिकट छद चिकटलेलं असतं. फळं पिकली की त्याच फितीच्या भिरभिऱ्यावर ती गळून वाऱ्याने दूर जातात. फूल आणि फळ दोन्ही काढली तरच त्या फितीचं काम कळतं.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात हे झाड आणायचं कुठून? आणायची गरज नाही. विदर्भाच्या सागवानी जंगलात धामण नावाचं झाड आहे. (धामण म्हटलं की पोट्टे आधी साप म्हणतात, बरं का. झाडही आहे हे ऐकून डोळे मोठे करतात.) लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी, धनुष्यासाठी लोकांनी ते वापरलं. शास्त्रीय नाव ग्रुइया टिलिफोलिया, म्हणजे 'टिलियाच्या पानांसारखी पानं असलेली ग्रुइया'. त्याचंही पान तळाशी वाकडं! लिंडनच्या सालीप्रमाणे धामणच्या सालीतूनही दोराचा धागा निघतो.

आणि ग्रुइया हे नाव नेहेमाया ग्रू यांच्यावरून लिनियसने दिलं. ग्रू इंग्रज वैद्य होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खोडं, मुळं, बिया कापून बघितल्या, जे दिसलं त्याची चित्रं केली आणि 1682 साली वनस्पतींच्या अंतर्रचनेचा मोठा ग्रंथ छापला. आपल्या जंगलातल्या झाडाच्या नावात एक निरीक्षक-चित्रकार बसलेला आहे, हे मुलांना सांगायला मला फार आवडतं. धामण शहरात मिळत नसेल तर उन्हाळ्यात खातो तो फालसा आहे, तोही ग्रुइयाच.

पूर्वी लिंडन, धामण, फालसा यांचं कूळ वेगळं मानत. 1998 पासूनच्या नव्या वर्गीकरणात ते कापसाच्या कुळात घातलं गेलं. म्हणजे बर्लिनच्या रस्त्यावरचा लिंडन हा आपल्या पऱ्हाटीचा, भेंडीचा, जास्वंदीचा नातेवाईक ठरला. कापसाच्या मुलखातल्या वर्गात हे नातं पाठ करून घेण्यापेक्षा पऱ्हाटीचं, भेंडीचं आणि फालशाचं पान शेजारी ठेवून काढायला लावा. देठापाशी एकाच ठिकाणाहून अनेक मुख्य शिरा फुटतात, हे मुलं स्वतः सांगतात.

आता पळस घ्या. तो तर आपल्याकडे रस्तोरस्ती आहे. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण सगळ्यांना पाठ. पण ती तीन पानं, म्हणजे खरं तर एकाच पानाच्या तीन पर्णिका, सारख्या असतात का? मधली दोन्ही बाजूंनी समतोल असते, पण बाजूच्या दोन तळाशी तिरप्या असतात. म्हण येणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांनी हे बघितलेलं नसतं. पेन्सिल हातात घेतलेलं मूल दहा मिनिटांत बघतं, कारण मधली काढून झाल्यावर तीच बाजूला काढायला गेलं की ती जुळत नाही.

'माझ्या मुलाला चित्रकला येत नाही हो' असं पालक म्हणतात. येऊ नये, काही बिघडत नाही. रेघ थरथरली तरी चालेल, दाते मोजलेले हवेत, खालची बाजू बघितलेली हवी. मात्र प्रकल्पाचं चित्र आईने काढून द्यायचं आणि आम्ही त्याला पैकीच्या पैकी द्यायचे, हे दोघांनीही थांबवलं पाहिजे. मोबाईलच्या ॲपला माझा विरोध नाही. पण नाव आधी मिळालं की मूल पानाकडे बघायचं थांबतं. आधी चित्र, मग ॲप.

सिलॅबसचा प्रश्न खरा आहे. हृदयाची, मूत्रपिंडाची आकृती पुस्तकातूनच शिकावी लागते, तिथे माझा हट्ट नाही. पण पान तर शाळेच्या अंगणात पडलेलं आहे.

आपल्याच राज्यात याची जुनी परंपरा आहे. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात एका भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची सुंदर चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून मुलांच्या चित्राखाली झाडाच्या नावाबरोबर मुलाचं नाव, तारीख आणि झाड कुठलं हे लिहून घ्या.

पळसाच्या चित्रात एक अडचण येते, ती आधीच सांगते. फुलं येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा फांद्या जवळजवळ निष्पर्ण असतात. नवी पानं आणि चपट्या शेंगा उन्हाळ्यात, आणि आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. म्हणजे सहावीत सुरू केलेला कागद सातवीत पूर्ण होतो. वर्गशिक्षक बदलणार असतील तर निकालाच्या दिवशी ते कागद गुंडाळून पुढच्या बाईंच्या किंवा सरांच्या हातात द्या, आणि शेंगेत बी किती व कुठल्या टोकाला असतं ते काढायचं राहिलंय, एवढं सांगून ठेवा.