इटालियन कोणाला म्हणायचे?

'इटालियन' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना पिझ्झा, पास्ता आणि फुटबॉल आठवतो. शब्दाचा अर्थही सोपा वाटतो. इटलीत राहणारा तो इटालियन. पण इटलीचे एक राज्य १८६१ साली झाले आणि हे नाव त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधीचे आहे. देश नव्हता तेव्हाही नाव होते. मग ते नाव होते कोणाचे? गणवेश घालणाऱ्या आपल्यासारख्या मुलांनी या प्रश्नाचे उत्तर जाणून घ्यावे असे मला वाटते, कारण ते प्रथम सैनिकांनी दिले आहे.

नकाशात इटलीचा बूट दिसतो. त्याच्या अगदी टोकाला, आजच्या कालाब्रियाच्या भागाला, ग्रीक लोक इटालिया म्हणत. इटालस नावाच्या राजावरून हे नाव पडले अशी त्यांची कथा होती. दुसरे मत असे की हा शब्द वासरावरून आला. लॅटिनमध्ये वासराला 'वितुलुस' म्हणतात आणि दक्षिणेकडील ऑस्कन भाषेत या मुलखाचे नाव 'वितेलिऊ' होते. गुराढोरांचा मुलूख, असा त्याचा अर्थ लावतात. पुढे हे नाव हळूहळू उत्तरेकडे सरकले आणि सम्राट ऑगस्टसच्या काळापर्यंत आल्प्स पर्वताला जाऊन भिडले.

पण नाव जमिनीला मिळणे वेगळे आणि माणसांनी ते आपले म्हणणे वेगळे. ही दुसरी गोष्ट इ.स.पूर्व ९१ मध्ये घडली. रोमच्या सैन्यात जवळजवळ निम्मे किंवा त्याहून अधिक सैनिक रोमचे नागरिक नव्हतेच. ते द्वीपकल्पातील मित्र जमातींचे होते. लढाईत ते पुढे असत, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. नागरिकत्वाची मागणी फेटाळली गेली तेव्हा त्यांनी बंड केले. कोर्फिनियम गावाला राजधानी करून त्याचे नाव 'इटालिका' ठेवले आणि स्वतःची नाणी पाडली. त्यातील एका नाण्यावर 'वितेलिऊ' ही अक्षरे आहेत आणि एक बैल लांडग्याला शिंगांनी उडवतो आहे. लांडगा म्हणजे रोम, हे वेगळे सांगायला नको. युद्धात रोम टिकले, पण इ.स.पूर्व ९० पासून कायदे करून त्याला या लोकांना नागरिकत्व द्यावेच लागले.

म्हणजे 'आम्ही इटालियन' असे एकत्र येऊन म्हणणाऱ्या या लोकांचे रक्त एक नव्हते, भाषाही एक नव्हती. त्यांनी ओझे एकत्र उचलले होते आणि हक्क एकत्र मागितला होता.

१८६१ मध्येही हेच दिसते. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे आपल्याला माहीत आहेत. सावरकरांनी मॅझिनीवर लिहिलेले मराठी पुस्तक १९०७ साली निघाले आणि इंग्रज सरकारने ते जप्त केले. पण ज्या लोकांसाठी मॅझिनी झटला, त्यांच्यापैकी इटालियन भाषा येणारे किती होते? अभ्यासकांचे अंदाज अडीच टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत आहेत. बाकीचे आपापल्या प्रांताची बोली बोलत. पंतप्रधान काव्हूरलासुद्धा फ्रेंच अधिक सोपी जाई. मग नव्या सरकारने सैन्याचा उपयोग केला. एका रेजिमेंटमध्ये दोन वेगळ्या प्रांतांतले जवान भरायचे आणि तिला तिसऱ्याच प्रांतात ठेवायचे. सिसिलीचा शेतकरी आणि उत्तरेचा कामगार एकाच बराकीत आले की बोलण्यासाठी समान भाषा लागणारच. आपल्या डॉर्मिटरीत दुसरे काय होते? पहिल्या टर्मला खुणांनी बोलणारी मुले वर्षभरात एकमेकांच्या भाषेत चिडवू लागतात.

आज इटलीत याच शब्दावरून वाद आहे. तिथला कायदा मुख्यतः रक्ताचे नाते पाहतो. २०२५ पर्यंत पूर्वज इटालियन होते हे सिद्ध करून, कितीही पिढ्या झाल्या तरी, अर्जेंटिना किंवा ब्राझीलमधील माणूस नागरिकत्व मागू शकत असे. त्या वर्षी ही मर्यादा साधारण आजी-आजोबांपर्यंत आणली गेली. उलट परदेशी आईवडिलांच्या पोटी मिलानमध्ये जन्मलेले, तिथल्याच शाळेत शिकलेले मूल साधारणपणे अठरा वर्षांचे होईपर्यंत थांबते. परदेशी रहिवाशांसाठी दहा वर्षांची अट पाच वर्षांवर आणण्यासाठी जून २०२५ मध्ये सार्वमत झाले. सुमारे तीस टक्केच लोकांनी मतदान केले, त्यामुळे ते रद्द ठरले.

काही जण म्हणतील की घराण्याचे नाते खोटे नसते. गरिबीमुळे लाखो इटालियन देश सोडून गेले, त्यांनी तिकडून पैसे पाठवून गावे जगवली. त्यांच्या नातवंडांना परके कसे म्हणायचे? हे म्हणणे मला पटते. त्यांच्यासाठी दार उघडे असावे. पण जो रोज त्या रस्त्यावर चालतो, तिथली भाषा बोलतो, तिथलेच राष्ट्रगीत म्हणतो, त्याला त्याच दारात अठरा वर्षे उभे करणे मला न्याय्य वाटत नाही. रोमने आपल्या मित्रांना असेच उभे केले होते आणि त्याची किंमत मोजली होती.

याचा आपल्याशीही संबंध आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर धाव घेतली आणि ते धारातीर्थी पडले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या रायगडच्या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या साम्राज्यासाठी ते लढले, त्यात त्यांना स्वतःच्या देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार नव्हता. रोमच्या मित्र सैनिकांसारखेच ते ओझ्यात भागीदार होते, हक्कात नव्हते.

म्हणून मला वाटते की कोणत्याही देशाच्या नावाचा अर्थ शोधताना फक्त शब्दकोश पाहून भागत नाही. त्या देशाचे ओझे कोण उचलतो आणि हक्काच्या रांगेत त्याला कुठे उभे केले आहे, हेही पाहावे लागते. वासरावरून आलेले असो की राजावरून, 'इटालियन' या नावाला वजन आले ते ओझे उचलणाऱ्या माणसांमुळे. 'भारतीय' हा शब्द उच्चारताना आपणही एवढे लक्षात ठेवावे.