चिखलाची जाण असलेल्या माणसांना आपलं म्हणूया



सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात मी राहतो. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. हे आवाहन तिघांसाठी आहे: डोंगरातल्या गावकऱ्यांसाठी, ग्रामपंचायतींसाठी आणि फोर बाय फोर गाड्या घेऊन आमच्या वाटांवर येणाऱ्या मंडळींसाठी.

रविवारी थार, जिप्सी आणि जुन्या जीपगाड्यांची रांग गावातून निघाली की पारावर एकच वाक्य ऐकू येतं, ‘आली शहरातली हौशी पोरं, डिझेल जाळायला.’ मीही तेच म्हणायचो. गेल्या श्रावणातल्या एका संध्याकाळपासून म्हणत नाही.

त्या दिवशी वरच्या वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका ओढ्यापलीकडच्या चढावर लाल चिखलात पार चाकांच्या तुंब्यापर्यंत रुतली. आम्ही वीस माणसं ढकलत होतो आणि ती आणखीच खाली जात होती. तेवढ्यात डोंगरावरून परतणाऱ्या चार गाड्या आल्या. मला वाटलं, आता इंजिनांचा आवाज आणि आरडाओरडा सुरू होणार. पण त्यांनी आधी सगळ्या गाड्या बंद केल्या. एक मुलगा अनवाणी चिखलात उतरला आणि काठीने खोली पाहू लागला. दुसऱ्याने रुग्णवाहिकेच्या टायरमधली हवा थोडी कमी केली, म्हणजे टायर पसरतो आणि पकड धरतो. वरच्या आंब्याच्या बुंध्याला त्यांनी रुंद पट्टा गुंडाळला, साल सोलली जाऊ नये म्हणून, आणि जीपला त्याचा आधार दिला. मग जीपवरच्या विंचची, म्हणजे गाडी ओढायच्या यंत्राची, तार सोडून रुग्णवाहिकेला लावली. ताणलेल्या तारेवर ओलं गोणपाट टाकलं. तार तुटलीच तर उसळी मारून माणसाला कापू नये, हे त्यामागचं कारण. आम्हा सगळ्यांना त्यांनी वीस पावलं मागे पाठवलं. इशारे करायला एकच माणूस उभा राहिला, बाकी कुणी हात हलवायचा नाही. तार हळूहळू गुंडाळली गेली आणि गाडी बाहेर आली. पुढची वाट तिला झेपणारी नव्हती, म्हणून एक जीप लो गिअरमध्ये वाडीवर गेली आणि बाईला अलगद खाली घेऊन आली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पैसे विचारले तर त्या पोरांनी हात जोडले, चहा मात्र दोनदा घेतला.

तेव्हा कळलं, आपण ज्याला नुसती हौस म्हणतो ती एक शिस्तीची विद्या आहे. गाडी कुठे न्यायची यापेक्षा कुठे थांबवायची हे तिच्यात आधी शिकवतात. एकटी गाडी जात नाही. एक अडकली तर सगळे थांबतात. ही विद्या केवढ्या कामाची आहे, हे ऑगस्ट 2018 मध्ये केरळच्या महापुरात दिसलं. तिथे मच्छीमारांनी होड्या आणल्या आणि जीपवाल्यांनी आपल्या उंच गाड्या पाण्यात घालून माणसं बाहेर काढली. आपल्याकडे 22 जुलै 2021 रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तळिये गावावर दरड कोसळली. असे दिवस पुन्हा येणारच नाहीत, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

म्हणून हात जोडून विनंती आहे.

गावकऱ्यांनो, या मंडळींना परके समजू नका. कुठला साकव खचलाय, कुठली वाट पावसात बंद होते, कुणाच्या खाचरात रोपं लावली आहेत, हे तुम्हालाच ठाऊक असतं. ते त्यांना मायेनं सांगा.

सरपंच आणि ग्रामसेवकांनो, मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आपल्या भागात येणाऱ्या जीपवाल्यांची बैठक घ्या. कुणाकडे विंच आहे, कुणाकडे पट्टे आणि दोर आहेत, कोण रात्री येऊ शकेल, याची यादी करा आणि ती तहसील कार्यालयात द्या. आपत्तीत 1077 या क्रमांकावर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवा आणि मदत त्यांच्यामार्फतच बोलवा. न विचारता धावलेल्या दहा गाड्या अरुंद घाटात रुग्णवाहिकेचीच वाट अडवतात.

आणि जीपवाल्या मित्रांनो, तुमच्याबद्दल प्रेम आहे म्हणूनच स्पष्ट बोलतो. मळलेली वाट सोडू नका. आमचे कातळसडे उघडेबोडके दिसतात, पण त्यांवरच्या बोटभर मातीत पावसाळ्यात इवल्याइवल्या फुलांचं सगळं जग उगवतं. टायरची एक चाकोरी तिथे वर्षानुवर्षं बुजत नाही. कोकणातल्या पुळणीवर गाडी घालू नका. हिवाळ्यात कासवं तिथे अंडी घालतात. चाकाखाली घरटी दबतात आणि पिल्लं चाकोरीत अडकून समुद्रापर्यंत पोचत नाहीत. ओढ्यात गाडी धुऊ नका, खाली कुणीतरी तेच पाणी भरतं. वाहत्या पुराशी पैज लावू नका. जेमतेम फूटभर पाणी लहान गाडी तरंगवतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. तुम्हीच अडकलात तर तुम्हाला काढायला आमचीच पोरं उतरणार आहेत.

आमच्या पिढीने गावात पाहिलेली पहिली चारचाकी जीपच होती. मतपेट्या तिच्यातून आल्या, देवीची लस टोचणारे डॉक्टर तिच्यातून आले. धुरळा दिसला की आम्ही पोरं तिच्यामागे धावायचो, कारण ती काहीतरी चांगलं घेऊन येते हे ठाऊक होतं. तुमच्या गाड्यांकडे गावाने पुन्हा तसंच पाहावं, एवढी इच्छा आहे.

तो आंबा आजही चढावर उभा आहे. परवा मुद्दाम जाऊन बुंध्यावरून हात फिरवला. सालीवर ओरखडासुद्धा नाही. ज्याचा आधार घ्यायचा त्याला जपायचं, हे त्या पोरांना सांगावं लागलं नाही. डोंगराशीही असंच वागा. आमच्या घरी चहा कायम तयार आहे.

आपला नम्र,
वरच्या वाडीच्या वाटेवरचा एक निवृत्त शिक्षक