विरजणांतलें पाणी

काष्टीहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. दह्यावर पाणी सुटलें, म्हणून दुधांत पाणी घातल्याचा आळ त्यांच्या धाकट्या जावेवर आला, आणि ती बिचारी दोन दिवस माजघरांत कोणाशीं बोलेना. ‘हें पाणी येतें तरी कोठून?’ असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर वाचून होईपर्यंत सासूबाईंनीं निकाल तहकूब ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

गाईच्या निर्भेळ दुधांतहि शंभरांत सुमारें 87 भाग पाणीच असतें. विरजण लागल्यावर दुधांतील केसीन नांवाच्या प्रथिनाचें जाळें विणलें जातें व पाणी त्याच्या घरांत अडकतें. दही फार आंबलें किंवा भांडें हललें, कीं जाळें आंवळतें आणि निवळी वर येते. पाणी घातलेल्या दुधाचें दही पातळ होतें हें खरें. पण सुटलेलें पाणी हा कांहीं त्या अपराधाचा पुरावा नव्हे.

मग जाळ्यांतलें पाणी प्रथिनांस घट्ट चिकटलेलें असतें काय? प्रथिनाभोंवतीं बर्फासारखें कवच असावें, अशी शास्त्रज्ञांचीहि एक कल्पना होती. तिची परीक्षा झाली ती चुंबकीय अनुनादानें. पाण्यांतील हायड्रोजनचें केंद्रक म्हणजे एक सूक्ष्म लोहचुंबकच. मोठ्या चुंबकांत ठेवून रेडिओलहरीचा धक्का दिला, कीं हीं केंद्रकें विचलित होतात आणि हळूहळू पूर्वस्थितीस येतात. या परतण्यास शिथिलन म्हणतात. शुद्ध पाण्यांत त्यास तीनएक सेकंद लागतात. रेणूंच्या गिरक्या मंदावल्या, कीं हा काळ घटतो. याचें गणित ब्लोम्बर्गेन, पर्सेल व पाउंड यांनीं 1948 सालीं मांडलें. इस्पितळांतील एम. आर. आय. चित्रेंहि बव्हंशीं याच भेदावर उमटतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या विद्येचा पाया घालणारे डॉ. धर्मट्टी यांनीं तत्पूर्वीं, 1951 सालीं, अमेरिकेंत आर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह मद्यार्कांतील हायड्रोजनच्या तीन निरनिराळ्या खुणा वेगळ्या ओळखून दाखविल्या होत्या.

काष्टीकरांना शनिवारच्या जनावरांच्या बाजाराची उपमा पटेल. दुरून वाटतें, माणसें दावणीपाशीं खिळून उभीं आहेत. वस्तुतः जो तो दोन शब्द बोलून पुढें सरकतो, आणि रुमालाखालीं हात धरून सौदा करणारे चारदोनच तेवढे थांबतात. प्रथिनाजवळचें पाणी नेमकें असेंच आहे. 1991 सालीं ओटिंग, लीपिन्श व वुथ्रिख यांनीं दाखविलें, कीं पृष्ठभागावरील रेणू एका जागीं सेकंदाच्या अब्जांशाहूनहि कमी वेळ टिकतो. त्यांनीं तपासलेलें एक प्रथिन गाईबैलांच्या स्वादुपिंडांतलें होतें (घरांतील वडीलधाऱ्यांनीं येथें क्षणभर डोळे मिटावेत). त्याच्या पोटांत मात्र चार रेणू दीर्घकाळ सांपडून राहतात. असे रेणू संख्येनें मूठभर खरे. पण तेहि बाहेरच्या रेणूंशीं जागा बदलीत असल्यामुळें आपल्या मंदपणाचा वांटा सगळ्या पाण्यास देतात, आणि शिथिलन त्वरेनें होतें. कवचाचा भास झाला तो यामुळें.

तेव्हां दह्यांतलें पाणी बहुतेक सारें मोकळेंच आहे, केवळ कोंडलेलें आहे. धाकट्या जाऊबाईंनीं विरजण बेताचें लावावें, दही लागलें कीं भांडें थंड जागीं ठेवावें व मध्येंच हलवूं नये. सुटलेली निवळी कढींत घालावी, फेकूं नये.