यंत्राची परीक्षा किल्लारीच्या शिवारात

1993 साली 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप 6.2 तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम होता. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा थर झोपलेल्या माणसांवर कोसळला. तीव्रतेचा आकडा अचूक होता, पण घर तगेल की नाही, हे त्यातून कळत नव्हते.

संगणकांच्या जगातही असाच एक आकडा आहे. त्याच वर्षी जूनमध्ये जगातील 500 सर्वांत वेगवान संगणकांची पहिली यादी निघाली. ‘लिनपॅक’ ही तिची कसोटी आजही कायम आहे. अनेक समीकरणे एकदम सोडवायला देऊन संगणक सेकंदाला किती आकडेमोडी करतो, हे ती मोजते. महासंगणकांचे गोडवे याच आकड्यावर गायले जातात. किल्लारीच्या शेतकऱ्याला मात्र पाऊस कधी आणि किती पडेल, हे हवे असते. तो हिशेब वेगळ्या जातीचा आहे.

हवाही पाण्यासारखी वाहतेच. अंदाज काढताना वातावरणाचे लाखो कप्पे पाडतात. प्रत्येक कप्प्यातील वारा, दाब, तापमान आणि बाष्प यांची पुढची स्थिती ठरवायला शेजारच्या कप्प्यांची माहिती लागते. त्यामुळे प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी स्मृतीतून आकडे वेळेत पोहोचले नाहीत की तो ताटकळतो. त्यात कप्प्याची लांबी-रुंदी निम्मी केली की कप्पे चौपट होतात, काळाची पावलेही दुप्पट टाकावी लागतात आणि काम आठपट वाढते.

ही गोष्ट आपल्या शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखली होती. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने 1986 साली प्रवाहाची गणिते सोडवण्यासाठीच ‘फ्लोसॉल्व्हर’ बांधला. अमेरिकेने भारताला मोठा क्रे महासंगणक नाकारला आणि दिल्लीच्या हवामान केंद्राला तुलनेने लहान क्रे एक्स-एमपी मिळाला. त्या नकारानंतर 1988 साली पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संगणक संस्था सुरू झाली आणि 1991 साली तिचा ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. पुढे दिल्लीचा टी-80 हा अंदाजाचा कार्यक्रम फ्लोसॉल्व्हर, परम आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘अनुपम’ या तिन्हींवर चालवून पाहिला गेला. काम एकच, यंत्रे वेगळी, अशी ती सरळ परीक्षा होती. टी-80 चा एक कप्पा सुमारे 150 किलोमीटरचा. क्षेत्रफळाच्या हिशेबात त्यात लातूर आणि उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे मावून वर जागा उरे. किल्लारी त्यात कुठे दिसणार?

आज पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ हा 11.77 पेटाफ्लॉप्सचा महासंगणक आहे. 2018 मधला ‘प्रत्यूष’ 4 पेटाफ्लॉप्सचा होता. पेटाफ्लॉप्स हे सेकंदाला होणाऱ्या आकडेमोडींचे माप; त्या हिशेबाने कागदावर शक्ती जवळपास तिप्पट झाली. प्रत्यूषला अंदाजासाठी दहा तासांपर्यंत लागत, अर्काला सुमारे चार लागतात, असे संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सांगितले आहे, म्हणजे वेग अडीचपट. खरा उपयोगी आकडा हा, कारण तो कामाच्या वेळेचा आहे. याच बळावर मे 2025 पासून 6 किलोमीटर कप्प्यांची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. आता एका कप्प्यात किल्लारी आणि शेजारची मोजकी शिवारे एवढाच टापू येतो.

म्हणून आता परीक्षा अर्ध्यावर सोडू नये. 2014 ची गारपीट, 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणायला लावणारी टंचाई आणि सप्टेंबर 2025 चे महापूर मराठवाड्याने सोसले आहेत. कापणीला आलेल्या सोयाबीनला दोन दिवस आधी मिळालेल्या खऱ्या इशाऱ्याची किंमत काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. महासंगणकावर जनतेचा पैसा खर्च होतो. प्रत्येक नव्या यंत्रावर तोच अंदाज-कार्यक्रम किती वेळात पुरा होतो, हे हवामान खात्याने जाहीर करावे. तो अंदाज महसूल मंडळातील पर्जन्यमापकाशी किती जुळला, हे दर पावसाळ्याअखेर मंडळनिहाय छापावे. पर्जन्यमापक मंडळांत बसवलेलेच आहेत. ताळा जुळवण्याची इच्छा दाखवली, तर पुढचे यंत्र कोणत्या निकषावर घ्यायचे हेही त्यातूनच ठरेल.